दोन फडणीस, एक पूर्वज?

एका शिक्षक-शिबिरात आम्हाला प्रश्न आला : "आमच्या वर्गात दोन फडणीस आहेत. म्हणजे त्यांचा मूळ पुरुष एकच असणार ना?" उत्तरासाठी आपल्याला शनिवारवाड्यापर्यंत जावे लागेल.

पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस (१७४२–१८००) यांचे नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. घराणे कोकणातल्या वेळासचे. फडणिशी हा पेशव्यांच्या दप्तरातला हुद्दा. जमाखर्च तपासणे हे त्यातले मुख्य काम. तो हुद्दा घराण्यात चालत आला, आणि भानू मागे पडून हुद्दाच नाव होऊन बसला.

फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा आणि 'फर्द' म्हणजे कागद किंवा यादी. फर्दनवीसचा बोलता बोलता फडणवीस आणि मग फडणीस झाला. (कचेरी या अर्थाचा 'फड' हा ओळखीचा शब्दही मदतीला आला असावा.) तसेच पत्रे लिहिणारा चिटणीस, खजिना सांभाळणारा पोतनीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे आडनाव चित्रे होते.

आता गंमत पाहा. फडणीस काही एकट्या पुण्यात नव्हता. सरदारांकडे, संस्थानांत निरनिराळे फडणीस होते. म्हणजे हे आडनाव अनेकदा, अनेक ठिकाणी जन्मले. इंग्लंडातल्या स्मिथचे असेच झाले. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगाव होता. आडनावाप्रमाणेच वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जाते. लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्मिथ आडनावाच्या पुरुषांची ही गुणसूत्रे चार अनोळखी माणसांइतकीच वेगवेगळी निघाली. अॅटनबरोसारख्या दुर्मिळ आडनावाचे बहुतेक पुरुष मात्र एकाच पूर्वजाचे वंशज दिसले.

आडनावावरून विद्यार्थ्याची जात ओळखणारे शिक्षक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी पाटील, देशमुख ही हुद्द्यांचीच आडनावे घेऊन पाहावे. ती अनेक जातींत आहेत. देशमुख तर मुसलमानांतही आहेत. शास्त्र म्हणून हा अंदाज कच्चा, आणि वर्गात तो मुलांना बोचतो तो वेगळाच.

त्या शिक्षकांचे पुढे पत्र आले. त्या दोघांनी घरी विचारले होते. एकाचे मूळ गाव सांगलीकडचे, दुसऱ्याचे वऱ्हाडातले, आणि फडणिशी मिळण्यापूर्वीची आडनावेही निराळी.