मीठ, गंज आणि मोटारीचे पोट

आपल्या बेटावर मोटारीला गंज चढतो तो समुद्रामुळे, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. फ्लिक-आँ-फ्लाकला घर असलेल्या माणसाची गाडी आणि वाक्वाच्या माणसाची गाडी शेजारी उभी करा. कोणती कुठली हे दाराच्या खालच्या कडेवरून सांगता येते. पण समुद्रापासून शेकडो मैल लांब असलेल्या एका शहरात गाड्या याहूनही वाईट गंजतात, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. बसच्या गॅरेजात आयुष्य काढलेला मी माणूस. मला काय नवीन सांगणार?

अमेरिकेत ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराजवळ माझा पुतण्या राहतो. एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे तीन महिने राहिलो. शहराच्या उत्तरेला ईरी नावाचे अवाढव्य सरोवर आहे, पण पाणी गोडे. मीठ येते ते रस्त्यावरून. बर्फ पडायच्या आधी आणि पडल्यावर सरकारी ट्रक रस्त्यावर जाडे मीठ फेकत जातात, आपल्याकडे शेतात खत फेकावे तसे. खाऱ्या पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते, त्यामुळे बर्फ वितळतो व चाके घसरत नाहीत. ही रीत फार जुनी नाही. रस्त्यांवर सरसकट मीठ टाकण्याचे धोरण प्रथम स्वीकारले ते न्यू हॅम्पशायर राज्याने. १९४१-४२ च्या त्या हिवाळ्यात साऱ्या देशाच्या महामार्गांवर मिळून ५,००० टन मीठ पडले. आज वर्षाला सुमारे दोन कोटी टन पडते. गंमत अशी की डेट्रॉईट, जिथे अमेरिकेच्या मोटारी जन्मल्या, त्या शहराच्या पोटातच हजारभर फूट खोल मिठाची खाण आहे. वर मोटार करायची आणि खालून तिला खाणारे मीठ काढायचे!

तर पुतण्याची गोष्ट. एका दुकानाच्या आवारात साचून दगड झालेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यावर त्याने गाडी चढवली. खालून खर्रकन आवाज आला. घरी येऊन तो म्हणाला, “काका, काही नाही, जरा खरचटले आहे.” पुढच्या आठवड्यात सूनबाई व दोन मुलांना घेऊन त्याला शिकागोला जायचे होते, म्हणजे साडेतीनशे मैल.

मी म्हटले, “अरे, खरचटले की वाकले, हे वरून कसे कळणार? जॅक काढ.”

जॅक लावला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, म्हणून घोड्याही लावल्या. कडाक्याच्या थंडीत पाठीखाली पुठ्ठा घेऊन मी आत सरकलो. पुढच्या चाकाचा खालचा आर्म, म्हणजे चाकाला चौकटीशी जोडणारा लोखंडी हात, वीतभर घासला होता. रंग गेला होता, धातू चकाकत होता, पण कडा सरळ होती. रबरी बुश शाबूत होते आणि बॉल जॉइंटवरची रबरी टोपी फाटली नव्हती. एवढे पाहिले की पहिली भीती जाते. टोपी फाटली असती तर ग्रीस बाहेर, पाणी आत, आणि काही महिन्यांत सांधा ढिला झाला असता. आर्म वाकला असेल तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ जातानाही स्टिअरिंग वाकडे राहते, टायर एकाच कडेला झिजतो. असा आर्म ठोकून सरळ करू नये, बदलावा. आमच्या काळी आम्ही ठोकत असू. ते चूक होते.

पण खरा प्रकार पुढे आहे. बॅटरीचा झोत सहज आणखी मागे फिरवला, तर ब्रेकच्या तेलाची लोखंडी नळी दिसली. तिच्यावर गंजाचे पापुद्रे सुटले होते. बोट लावले तर पापुद्रा हातात आला आणि बोटाला ओल लागली. ती ओल पाण्याची नव्हती.

पुतण्याचा चेहरा उतरला. गाडी तशीच उचलून गॅरेजात नेली आणि निकेल मिसळलेल्या तांब्याची नळी घालून घेतली, कारण तिला गंज लागत नाही. बर्फावर घासले नसते तर आम्ही खाली पाहिलेच नसते आणि ती नळी शिकागोच्या रस्त्यावर फुटली असती.

हे एकट्या आमच्या पुतण्याचे नशीब नव्हे. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने एप्रिल २०१५ मध्ये लोकांना जाहीर सूचना दिली होती की २००७ व त्याआधीच्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजासाठी तपासून घ्या आणि गाडीचे पोट धूत जा. मोठमोठ्या कंपन्याही मिठापुढे हरल्या आहेत. फोर्डने २०१० साली १९९८ ते २००३ च्या विंडस्टार गाड्या परत बोलावल्या, अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे पावणेसहा लाख, कारण मागचा आडवा आस गंजून मोडू शकत होता. टोयोटाच्या टॅकोमा ट्रकांची तर सबंध चौकटच सडत असे. २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० च्या ट्रकांच्या चौकटीची हमी वाढवून १५ वर्षांची केली, आणि फार सडलेले ट्रक बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतले. दीडपट! टोयोटा पंधरा-वीस वर्षे मरत नाही असे आपण म्हणतो, ते इंजिनाबद्दल खरे असेल.

आता घासलेल्या जागेचे काय केले ते सांगतो. उघडे लोखंड तसेच ठेवले तर खाऱ्या ओलीत दोन दिवसांत तांबूस होते, म्हणून हे काम त्याच आठवड्यात करावे. आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाकले व जागा कोरडी होऊ दिली. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासले आणि थिनरच्या फडक्याने पुसले. त्यावर जस्ताचा प्रायमर आणि वाळल्यावर रंगाचे दोन हात. प्रायमर जस्ताचा एवढ्यासाठी की जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. खोल खड्ड्यांतला गंज निघत नसेल तर त्याला काळा करून टाकणारे आम्लाचे औषध मिळते, ते आधी लावावे. रंग मात्र रबरी बुशवर, टोपीवर किंवा ब्रेकच्या तबकडीवर उडू देऊ नये. थंडीत रंग धरत नाही, म्हणून आम्ही शेजाऱ्याच्या उबदार गॅरेजात हे सारे केले.

स्प्रिंगचा न्याय वेगळा. ती सतत ताणाखाली असते. नुसता रंग गेला असेल तर रंगवावी, पण धातूला खाच पडली असेल तर तिथूनच ती एक दिवस तुटते. तिच्यावर वेल्डिंग कधीही करू नये.

उबदार गॅरेजवरून आठवले. गाडी रोज उबेत ठेवली की ती सुखात असते असे पुतण्या समजत होता. उलट आहे. बाहेरच्या थंडीत गंज हळू चालतो, आणि उबेत बर्फ वितळून खारे पाणी सांध्यासांध्यांत शिरते व गंज जोरात धावतो. म्हणून हवा जरा गोठणबिंदूच्या वर गेली की पोट धुवायचे, मगच आत घ्यायची.

आणि तो काळा डांबरासारखा लेप! पुष्कळ लोक हौसेने मारून घेतात. स्वच्छ, नव्या लोखंडावर तो ठीक आहे. गंजावर मारला तर आत ओल कोंडते आणि लेपाच्या आड लोखंडाचा भुगा होतो. जुन्या गाडीला मेणासारखे किंवा लोकरीच्या चरबीचे पातळ तेल दरवर्षी फवारलेले बरे, कारण ते फटींत झिरपते. दाराखालची व चौकटीची पाणी जाण्याची भोके मात्र बुजू देऊ नयेत. इंजिनातून काढलेले जुने तेल फासण्याची रीत तिकडच्या शेतकऱ्यांतही होती. ते रबर खाते, जमीन नासवते, तेव्हा ते नको.

परत आल्यावर मी धाकट्या भावाच्या गाडीखाली शिरलो. तामारँची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको की तिथल्या वाऱ्यात काय असते. समुद्रावरून आल्यावर तो गाडीचे टप आणि काचा धुतो, खाली पाणी मारतच नव्हता. मागच्या आर्मवर जुना ओरखडा होता, त्याभोवती रुपयाएवढा गंज. दुपारभरात काम झाले.

जपानहून येणारी वापरलेली गाडी घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की तिकडे उत्तरेतही बर्फावर मीठ टाकतात. पैसे देण्याआधी गाडी वर उचलायला लावा. पोट नुकतेच काळे कुळकुळीत रंगवलेले दिसले, तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एका जागी जरा टोकरून पाहा. विकणारा रागावला तर रागावू द्या.