ट्रम्पेट कुणाचा?

बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी ओळखलं जातं ते चालुक्यकाळातल्या केदारेश्वर मंदिरासाठी, त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरींसाठी. जॅझ म्हटल्यावर या गावाचं नाव कुणाच्या ओठांवर येणार नाही. आठवेल ते न्यू ऑर्लिन्स, शिकागो, फार तर मुंबईचं ताजमहाल हॉटेल. पण धर्मापुरीकडच्या एखाद्या वरातीत कुणी कंबर सैल सोडून, दोन्ही हात झुलवत जागच्या जागी पावलं टाकू लागला की बघणारे लगेच ओळखतात, हा भगवानदादांचा नाच. 1951 सालच्या त्यांच्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' आजोबांना जितकं माहीत तितकंच नातवाला. या चित्रपटाच्या संगीतात ज्याचा मोठा हात होता तो माणूस मुंबईतला नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवादक होता. म्हणजे जॅझ मराठवाड्यात सत्तर वर्षांपूर्वीच येऊन राहिला. त्याची ओळख तेवढी कुणी करून दिली नाही.

त्या माणसाचं नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, गाव गोव्यातलं आल्दोना. मुंबईत सगळे त्याला 'चिक चॉकलेट' म्हणत आणि जाणकार त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग मानत. आर्मस्ट्राँग हा जॅझच्या पहिल्या पिढीचा सर्वात मोठा ट्रम्पेटवादक. त्याचं वाजवणं, त्याचा खरखरीत आवाज, त्याचा मंचावरचा वावर हे सगळं चिकने तबकड्या ऐकून ऐकून अंगी मुरवलं होतं. रात्री हॉटेलात आपला बँड घेऊन वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं, असं त्याचं आयुष्य. 'अलबेला'त तर तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. 1967 मध्ये तो गेला.

त्याला स्टुडिओत आणणारे संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस 'अनारकली'ची चाल बांधतो आणि तोच 'शहनाई'त 'आना मेरी जान संडे के संडे', 'समाधी'त 'गोरे गोरे', 'आशा'त 'ईना मीना डीका' देतो. सी. रामचंद्रांच्या या दोन बाजूंपैकी दुसरीला बरेच समीक्षक हलकीफुलकी म्हणून बाजूला ठेवतात. ते चूक आहे. परक्या लयीचा डौल मराठी कानाने इतक्या सहज पकडावा आणि त्यावर हिंदी शब्द असे बसवावेत की खेड्यातल्या माणसालाही ते आपलंच वाटावं, हे हलकं काम नव्हे.

हे काम स्टुडिओत घडायचं कसं? संगीतकार पेटी घेऊन चाल गाऊन दाखवी. सहायक किंवा अरेंजर ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेई. मग व्हायोलिनचा ताफा काय वाजवील, दोन कडव्यांमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन कुठे उठतील, खाली कोणते स्वरमेळ धरायचे, हे कागदावर मांडलं जाई. त्या काळी ही लिपी घडाघडा वाचणारे वादक प्रामुख्याने गोव्याचे होते. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चला जोडून संगीताच्या शाळा होत्या आणि लहान मुलं अक्षरं गिरवावीत तशी स्वरलिपी गिरवत. ही मुलं मोठी झाली की पोटापाण्यासाठी मुंबई गाठत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या वसतिगृहात, पथारी टाकत आणि जिथे काम मिळेल तिथे वाजवत.

जॅझ त्यांच्या कानांवर पडला तो मात्र थेट अमेरिकेच्या कृष्णवर्णीय वादकांकडून. 1935 मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढे त्याच ताजमध्ये टेडी वेदरफर्ड वाजवू लागला. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला हा पियानोवादक 1926 मध्ये पूर्वेकडे आला. शांघाय, मुंबई असं करत तो कलकत्त्यात रमला आणि 1945 मध्ये तिथेच पटकीने वारला. अशा वादकांबरोबर मंचावर बसता आल्यामुळे गोव्याच्या मुलांना कागदावर न लिहिता येणारी गोष्ट कळली, लयीचा झोका. जॅझवाले त्याला 'स्विंग' म्हणतात. पुढे मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या नाचगाण्याची कमाई आटली आणि हे वादक अधिकाधिक संख्येने सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. हिंदी गाण्याला जॅझचा रंग चढण्यामागे आवड होती तशी ही पोटाची निकडही होती.

आता प्रश्न असा की हे सगळं घराघरांत का माहीत नाही? कारण तबकडीवर छापलंच नव्हतं. चित्रपटगीताच्या तबकडीच्या गोल कागदावर सिनेमाचं, संगीतकाराचं आणि पुढे गायकाचंही नाव असे, वादकाचं नसे.

इथे जॅझच्या रसिकांकडून शिकण्यासारखं खूप आहे. दोन जॅझवेडे एकत्र बसले की त्यांचं बोलणं 'गाणं किती गोड' इथे थांबत नाही. हे रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं? ड्रमवर कोण? हा पहिला टेक की दुसरा? सॅक्सोफोनचा सोलो याचा असेल, तर याने इतका जाड सूर कधीपासून लावला? ही चिकित्सा नुसती हौस म्हणून राहिली नाही. 1936 मध्ये पॅरिसमध्ये शार्ल दलोने यांनी 'हॉट डिस्कोग्राफी' नावाचं पुस्तक काढलं. त्यात जॅझच्या तबकड्यांची नोंद वादकांनुसार होती. तबकडीवरचे क्रमांक तपासून, हयात वादकांना विचारून, कान लावून ऐकून कोणी कधी काय वाजवलं ते नोंदवायचं, ही शिस्त तिथून रुळली. म्हणूनच 1928 सालच्या 28 जूनला आर्मस्ट्राँगने 'वेस्ट एंड ब्लूज' वाजवलं तेव्हा पियानोवर अर्ल हाइन्स होता, हे आज कुणीही सांगू शकतो.

कान लावून ऐकणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगता येईल. 'बॉडी अँड सोल' हे एक साधं प्रेमगीत. 11 ऑक्टोबर 1939 रोजी टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने ते वाजवलं. सुरुवातीची थोडी ओळख पटते न पटते तोच तो मूळ चाल सोडून देतो. तिच्याखालचा स्वरमेळांचा क्रम तेवढा धरून ठेवतो आणि त्या चौकटीत तीन मिनिटं नवं काही बांधत जातो. ही चौकट बहुधा 32 मापांची असते, दर मापात चार मात्रा. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. विलंबितात गायक समेवरून निघतो, आवर्तनभर हिंडतो आणि समेवर परततो. जॅझवादक चौकटीच्या तोंडाशी परततो. फरक इतकाच की आपल्याकडे खाली एकच षड्ज कायम राहतो, तिथे पायाखालची जमीन दर मापाला बदलते.

हॉकिन्सचा सूर भरदार आणि घुमणारा. त्याच्याच काळातला लेस्टर यंग हेच वाद्य हातात घेतो तर सूर हलका, सरळ, काहीसा आळसावलेला. दोघांच्या तबकड्या पाठोपाठ ऐकल्या तर नवख्यालाही फरक कळतो, जसा किराणा आणि जयपूर घराण्यांच्या गायकीतला कळतो. ट्रम्पेटचंही तसंच. आर्मस्ट्राँग लांब सुराच्या शेवटी कंप देतो आणि लयीला किंचित मागे ओढतो. माइल्स डेव्हिस सूर जवळजवळ कंपाशिवाय ठेवतो, ट्रम्पेटच्या तोंडावर धातूचा म्यूट बसवतो आणि वाजवतो त्यापेक्षा जास्त सोडून देतो. हे कान तयार झाले की जुन्या हिंदी गाण्याच्या मधल्या तुकड्यात ट्रम्पेट उठला की तो कोणत्या वळणाचा, हे ओळखू येऊ लागतं.

रसिकांची चिकाटी काय करू शकते याचा एक किस्सा सांगायलाच हवा. माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू' ही 1959 ची तबकडी, जॅझमधली बहुधा सर्वात लाडकी. तिच्या पहिल्या बाजूच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे बाजारात आलेल्या तबकडीवर ती बाजू थोडी जलद आणि चढ्या सुरात वाजत राहिली. तबकडीबरोबर वाजवू पाहणाऱ्या वादकांना आपलं वाद्य तिच्याशी जुळत नाही हे जाणवे. 1992 च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. आपल्याकडे जुन्या ख्यालगायकांच्या तबकड्यांबद्दल हाच वाद रंगतो. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाने भरलेल्या नसत, म्हणून गवयाची खरी पट्टी कोणती यावर जाणकार तासन् तास बोलतात. मुंबईत सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने 1990 मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली ती अशाच माणसांना एकत्र आणण्यासाठी. महाराष्ट्रात ही चिकित्सा नाही असं मुळीच नाही. ती गायकापाशी थांबते, वादकापर्यंत जात नाही, इतकंच.

जॅझ ऐकणारे आणि सिनेगीतं ऐकणारे वेगवेगळे राहिले, त्यात रेडिओचा भाग कळीचा आहे. 1952 मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं निस्सीम प्रेम होतं. आकाशवाणीने त्या काळात गवयांना दिलेला आधार मोठा होता. पण चित्रपटगीतं, त्यातही पाश्चात्त्य वाद्यांनी नटलेली, त्यांना नकोशी. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. 1952 मध्येच मुंबईत निरंजन झवेरी यांच्यासारख्या रसिकांनी 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझला वाहिलेलं नियतकालिक काढलं. एकाच वर्षात एकीकडे जॅझबद्दल लिहिणं सुरू झालं आणि दुसरीकडे जॅझचा रंग असलेली गाणी लघुलहरींवरून गावोगाव जाऊ लागली. दोन्ही श्रोत्यांची गाठ मात्र पडली नाही.

1955 पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कॉनोव्हर रोज रात्री जॅझ ऐकवू लागला. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनचं 'टेक द ए ट्रेन', मग त्याचा धीरगंभीर आवाज, एकेक शब्द सुटा. परदेशातल्या श्रोत्यांना इंग्रजी समजावं म्हणून तो मुद्दाम सावकाश बोले. जगभरच्या कितीतरी वादकांनी जॅझ त्याच्याकडून उचलला. पाठोपाठ कलाकारही आले. 1958 मध्ये डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला तेव्हा सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर त्याने वाजवून पाहिलं. 1963 मध्ये एलिंग्टन आला, 1964 मध्ये स्वतः आर्मस्ट्राँग. 1978 मध्ये झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरवली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांना उघड्या आकाशाखाली ऐकायला मिळाला.

श्रोत्यांनी विचारलं तर काय होतं, हे मराठी माणसाला लता मंगेशकरांच्या उदाहरणावरून ठाऊक असायला हवं. 1949 च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' तबकडीवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. रेडिओवर ते वाजलं आणि ही गाणारी कोण, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा ढीग पडला. शेवटी रेडिओवरून लताबाईंचं नाव जाहीर करावं लागलं. पुढे गायकाचं नाव तबकडीवर छापणं ही रीतच झाली.

वादकांच्या वाट्याला असं क्वचितच आलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस यांचं नाव अख्ख्या देशाला ठाऊक झालं ते 1977 मध्ये, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ते गुंफलं म्हणून. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ बांधला. कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड भारतीय सुरांचा जॅझ घडवू पाहत होते. त्यांनीच पुढे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले. ही नावं बहुतेकांपर्यंत आली ती फार उशिरा, ग्रेगरी बूथ यांचं 2008 चं 'बिहाइंड द कर्टन' आणि नरेश फर्नांडिस यांचं 2012 चं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकांमुळे. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. मुंबईच्या स्टुडिओत, मराठी संगीतकारांच्या समोर घडलेला हा इतिहास मराठीतही सविस्तर लिहिला जायला हवा.

1977 मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगचं 'मेलन्कोली ब्लूज'ही आहे. त्या जॅझच्या तुकड्यात क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ड्रमवर त्याचा भाऊ बेबी डॉड्स आणि पियानोवर लिल हार्डिन आहे, हे रसिक एका दमात सांगतात. आपल्या जुन्या तबकड्यांवर सारंगीवाला नि तबलजी यांची नावं क्वचितच सापडतात, आणि सिनेमाच्या गाण्यांची गत त्याहून वाईट.

त्या काळच्या वादकांपैकी फारच थोडे आज आपल्यात आहेत. पण त्यांची मुलं, नातवंडं, शिष्य गोव्यात आणि मुंबईत आहेत. त्यांच्याकडे वह्या आहेत, फोटो आहेत, कुठल्या गाण्यात कोण वाजवत होतं याच्या आठवणी आहेत. ज्यांच्या घरात कुणी बँडमध्ये वा स्टुडिओत वाजवलं असेल त्यांनी गाणं, साल, वाद्य आणि वादकाचं नाव एवढं तरी आता लिहून ठेवावं. आणि बाकीच्यांनी पुढच्या वेळी 'शोला जो भडके' लागलं की नाचून झाल्यावर एकदा बसून ऐकावं, आणि विचारावं: हा ट्रम्पेट कुणाचा?