घटांतलीं अठरा धान्यें

बुलढाणा जिल्ह्यांत, आमच्या जळगाव जामोद तालुक्यांतील भेंडवळ गांवीं अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं शेतांत घट मांडतात. मध्यें मातीचीं चार ढेकळें, त्यांवर पाण्यानें भरलेली घागर, आणि सभोंवार ज्वारी, गहूं, तूर, मूग, तीळ, सरकी अशीं अठरा धान्यें. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांतील फेरफार पाहून पीकपाण्याचें भाकीत सांगतात. त्या भाकितास शास्त्राचा आधार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु तें वर्तुळ पाहून मनांत निराळाच विचार येतो.

घटांत धान्यें अठरा. शिवारांत मात्र कपाशी व सोयाबीन यांचेंच राज्य. ज्वारी मागें पडली, तिच्याबरोबर गुरांचा कडबाही घटला. अन्न पिकविणाराच दाणे विकत आणूं लागला. यांत त्याला दोष देणें अन्यायाचें होईल. कर्ज आणि मुलांचें शिक्षण रोख पैसाच मागतात.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशीं दरमहा पांच किलो धान्य मिळूं लागलें. २०२३ पासून तें मोफत आहे. कायद्यांत भरड धान्यासही स्थान आहे, तरी पिशवींत बहुधा गहूं-तांदूळच येतात. सरकारनें ज्वारी खात्रीनें खरेदी केली, तर ती पेरण्याचें धैर्य शेतकऱ्यास येईल.

आणि वाचकहो, आपल्या घरीं भाकरी किती वेळां होते? तैत्तिरीयोपनिषदांत पुष्कळ अन्न निर्माण करणें हें व्रत सांगितलें आहे. व्रत एकट्या शेतकऱ्यानें आचरावें आणि फळ मात्र आपण भोगावें, हा न्याय नव्हे.