साहेब येऊन गेले, पालकांना काय कळले?

तपासणीची तारीख कळली की शाळेचा चेहरा दोन दिवसांत पालटतो. फलकावर रंगीत खडूने सुविचार उमटतो, वर्गातले तक्ते नव्याने टांगले जातात, हजेरीच्या राहिलेल्या नोंदी पूर्ण होतात, मुलांना धुतलेला गणवेश घालून यायला बजावले जाते. साहेब येतात, दोन-तीन वर्गांत पाढे विचारतात, शेरेबुकात चार ओळी लिहितात आणि निघतात. पालकांपर्यंत पोहोचते ती एवढीच बातमी, की तपासणी झाली. काय पाहिले, काय सापडले आणि आता पुढे काय होणार, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे असे फारच थोड्या पालकांना ठाऊक असते. बाकीचे एक तर गप्प बसतात किंवा ऐकीव माहितीवर विसंबतात. त्या ऐकीव माहितीतली बरीचशी चुकीची आहे आणि तिचे नुकसान शेवटी मुलांना सोसावे लागते.

सर्वांत पसरलेला समज हा, की तपासणी म्हणजे वर्षातला एक दिवस. प्रत्यक्षात महाराष्ट्रात शाळांवर देखरेखीची एक उतरंडच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेवर सर्वांत जवळची नजर केंद्रप्रमुखाची. आसपासच्या काही शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि तिथे अधूनमधून जाणे, वर्गात बसून अध्यापन पाहणे, शिक्षकांना मदत करणे हे त्याचे काम. त्याच्या वर विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. प्राथमिक आणि माध्यमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने आपल्या हद्दीतल्या शाळांच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवले आहे. हे प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका किंवा नगरपालिका. ही उतरंड कागदावर भक्कम आहे. पण केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रांचा भार येतो आणि मग देखरेखीची जागा खरोखरच तो एक सजवलेला दिवस घेतो. पालकांचा समज अनुभवातून आलेला आहे. नियम मात्र तसा नाही.

तपासणीत नेमके काय पाहायचे, तेही गुपित नाही. त्याच कायद्याच्या अनुसूचीत शाळेची किमान मोजमापे दिली आहेत. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस. अध्यापनाचे तास अनुक्रमे ८०० आणि १,०००. मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, मैदान, ग्रंथालय, कुंपण. यातले बहुतेक सारे कोणत्याही पालकाला अधिकाऱ्याइतकेच नीट तपासता येते, किंबहुना जास्त चांगले. नळाला पाणी तपासणीच्या दिवशी होते की रोज असते, हे मुलीला विचारले की कळते.

शाळेची माहिती दरवर्षी यू-डायस प्लस या केंद्रीय प्रणालीत भरावी लागते. पटसंख्येसाठी ३० सप्टेंबर हा संदर्भ दिवस. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. खोल्या किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहे चालू आहेत का, यांसारखी माहिती त्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ही माहिती भरते शाळाच. त्यामुळे ‘चालू’ म्हणून नोंदवलेले स्वच्छतागृह खरेच चालू आहे का, हे पाहणारे डोळे पालकांचे असले, तर त्या आकड्याला किंमत येते.

दुसरा समज शहरांत जास्त दिसतो. ‘आमची शाळा खासगी आहे, शिवाय सीबीएसईची. तिथे सरकारचे काही चालत नाही.’ हे साफ चुकीचे आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा मंडळाच्या हातात असतात, म्हणून शाळा राज्याच्या कायद्याबाहेर जात नाही. मंडळाच्या संलग्नतेच्या प्रक्रियेतही राज्याची हरकत विचारात घेतली जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यता-प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही. तशी चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दररोज १०,००० रुपयांपर्यंत. या कायद्याचा मुख्य आवाका मात्र ६ ते १४ वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंतचा आहे. त्यामुळे शाळेला मान्यता आहे म्हणजे तिच्या आवारातल्या खेळगटाचीही सरकारने तपासणी केली आहे, असे कुणी धरून चालू नये.

सीबीएसईने तर आपल्या शाळांवर आणखी एक बंधन घातले आहे. संलग्नतेचे पत्र, इमारतीच्या आणि अग्निसुरक्षेच्या दाखल्यांच्या प्रती, पाणी आणि स्वच्छतेचे प्रमाणपत्र, शुल्काचा तपशील, पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांची यादी, शिक्षकांची संख्या, गेल्या तीन वर्षांचे बोर्डाचे निकाल हे सारे शाळेने स्वतःच्या संकेतस्थळावर उघड मांडायचे आहे. प्रवेशासाठी रांगेत उभे राहण्याआधी ते पान उघडून पाहणारे पालक विरळाच. दाखल्याची मुदत संपलेली असेल, तर ते तिथेच दिसते.

आता श्रेणीबद्दल. ‘शाळेला अ श्रेणी मिळाली’ असा फलक प्रवेशद्वारावर लागला की सरकारने शिक्कामोर्तब केले, असे लोक समजतात. २०१५ मध्ये देशभर सुरू झालेल्या शाळा सिद्धी कार्यक्रमात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके होती. त्याचा पाया होता स्वयंमूल्यमापन. मुख्याध्यापक आणि शिक्षकांनी आपल्या शाळेकडे प्रामाणिकपणे पाहावे, आपण कोणत्या पायरीवर आहोत ते ठरवावे आणि पुढच्या वर्षाचा सुधारणा आराखडा लिहावा, ही त्यामागची कल्पना. बाहेरचे मूल्यमापन हा नंतरचा टप्पा. कल्पना उत्तम होती. पण स्वतःच स्वतःला दिलेली श्रेणी फलकावर चढली की तिचा अर्थ बदलतो. पालकाने मागायला हवा तो सुधारणा आराखडा. त्यात शाळेने स्वतःच्या उणिवा आपल्या हाताने लिहिलेल्या असतात.

एका शब्दात शाळा मोजण्याचा मोह आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही संस्था १९९२ च्या कायद्यानंतर शाळांची तपासणी करू लागली आणि अनेक वर्षे प्रत्येक शाळेला ‘उत्कृष्ट’ ते ‘अपुरी’ अशा चारपैकी एक शिक्का मिळत राहिला. तिथे अहवाल सर्वांसाठी खुला असतो आणि पालकांचे मत स्वतंत्रपणे नोंदवले जाते. या दोन्ही गोष्टी आपण घ्याव्यात अशाच आहेत. पण २०२३ च्या जानेवारीत रेडिंगमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने जीव दिला आणि तिच्या मृत्यूला तपासणीचाही हातभार लागला, असा निष्कर्ष न्यायिक चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठीचा तो एकशब्दी शिक्का रद्द झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून प्रत्येक अंगाचे वेगळे मूल्यमापन सांगणारे अहवालपत्रक आले. तपासणी कडक असण्याला हरकत नाही. ती माणसाला चिरडणारी असता कामा नये, हा धडा आपल्या अधिकाऱ्यांनीही घ्यायला हवा.

पालकांना माहिती देणे ही शाळेची मर्जी, असे मानणाऱ्यांची संख्या तर फारच मोठी आहे. पालकसभा बोलावली तर उपकार, नाही बोलावली तर चालते! शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकांची कर्तव्ये सांगते. वेळेवर येणे आणि अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच पंक्तीत तिथे आणखी एक कर्तव्य लिहिले आहे. पालकांच्या नियमित बैठका घेणे आणि त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती यांची माहिती देणे. हे कर्तव्य चुकवणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. म्हणून वर्षाअखेरीस हातात पडलेले प्रगतिपुस्तक पुरेसे नाही. ‘मुलगा वाचनात मागे आहे’ हे मे महिन्यात कळून उपयोग काय?

सरकारी आणि अनुदानित शाळांत पालकांचे स्थान याहून वरचे आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक हा सचिव. या समितीचे पहिले कायदेशीर काम आहे शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर नजर ठेवणे ही पुढची कामे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत तिची भूमिका २०१२ च्या दुरुस्तीनंतर सल्ल्यापुरती राहिली. इतरत्र ती तपासणी करणारीच समिती आहे, अधिकाऱ्याच्या आधीची आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळा शाळेत येणारी. तरीही अनेक गावांत इतिवृत्तावर सही घ्यायला वही घरी येते आणि शेतावरून आलेली आई न वाचता अंगठा किंवा सही करते. त्या सहीने तिने काय मान्य केले, हे तिला समजावून सांगणे मुख्याध्यापकाचे काम आहे. ते न करणे ही मोठी चूक आहे, मग हेतू कितीही साधा असो.

विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही, म्हणून तिथल्या पालकांना आवाज नाही असे समजू नये. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा, अंमलात आला २०१४ मध्ये, आणि तो कोणत्याही मंडळाच्या शाळेला लागू आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. शाळेतला प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो. कार्यकारी समितीतल्या पालकांची निवड इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून होते. व्यवस्थापनाच्या मर्जीतल्या चारजणांना बसवायला नियमात वाव ठेवलेला नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे बांधील राहते. समितीचा निर्णय पटला नाही, तर नंतरच्या दुरुस्तीनुसार २५ टक्के पालकांना एकत्र येऊन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येते. ही अट एकट्यादुकट्या पालकासाठी फार जाचक आहे आणि ती सैल व्हायला हवी.

काही माहिती अशी असते, की तिला एक दिवसाचाही उशीर चालत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. ‘शाळा आधी आपल्या पातळीवर चौकशी करते, मग ठरवते,’ हा समज तेव्हाही अनेकांच्या मनात होता. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यायची आहे. ती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. शाळेची बदनामी हे कारण कायद्याला मान्य नाही. त्याच महिन्यात राज्य शासनाने काढलेल्या निर्णयाने शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांचा आग्रह धरला आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले. कॅमेरे बसवले का, एवढे विचारून थांबू नये. त्यांचे चित्रण कोण आणि कितीदा पाहतो, तक्रारपेटी कोणासमोर उघडतात आणि सखी सावित्री समितीत कोण आहे, हेही पालकांनी विचारायला हवे.

बरेच पालक मात्र भीतीने गप्प राहतात. ‘तक्रार केली, तपासणीत दोष सापडला, शाळा बंद झाली, तर आमच्या मुलाचे काय?’ शिक्षण हक्क कायद्याने याचा विचार केला आहे. मान्यता काढण्यापूर्वी शाळेला म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते आणि ज्या आदेशाने मान्यता काढली जाते, त्याच आदेशात मुलांना जवळच्या कोणत्या शाळेत प्रवेश द्यायचा, हे नमूद करावे लागते. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे कलम ५ सांगते. बहुतेक तपासण्यांचा शेवट टाळे ठोकण्यात होतही नाही. उणिवा दाखवल्या जातात, त्या दूर करायला सांगितले जाते. त्या दूर झाल्या का, हे पाहायला पुन्हा कुणी आलेच नाही, असे मात्र सर्रास घडते.

तक्रार कुठे करायची, याचेही उत्तर कायद्यातच आहे. मुलाच्या शिक्षण हक्काबाबतची लेखी तक्रार कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे देता येते आणि दोन्ही बाजू ऐकून तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. तपासणी अहवाल हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयात करायचा, मराठीत, १० रुपये शुल्कासह. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. शाळा खासगी असली तरी शासनाला कायद्याने तिच्याकडून जी माहिती मागता येते, ती नागरिकालाही त्या कार्यालयामार्फत मागता येते. अर्जात ‘शाळेची सर्व माहिती’ असे मोघम लिहू नये. शाळेचे नाव, यू-डायस क्रमांक, कोणत्या वर्षाचा तपासणी अहवाल, त्यात दाखवलेल्या त्रुटी आणि शाळेने सादर केलेला पूर्तता अहवाल, या पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. त्यातला पूर्तता अहवाल मागायला विसरू नये, कारण दाखवलेल्या उणिवांचे पुढे काय झाले, ते त्याच कागदात असते.