रत्नदुर्गाचा फेरा
(द्वितीय वर्ष कला)

धावणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चुन्याच्या रेघा मारलेले मैदान उभे राहते. शिट्टी, घड्याळ आणि पहिला-दुसरा क्रमांक. मीही अकरावीत असताना अशीच धावू लागले. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि माझ्या पुढच्या शिक्षणाला घरून परवानगी मिळाली ती ‘भरतीला बसेन’ या बोलीवर. माझ्या आधी आमच्या घरातले कोणीही दहावीच्या पुढे गेलेले नाही. असो. प्रस्तुत लेख भरतीविषयी नाही. आपल्या रत्नागिरीतच, भगवतीच्या डोंगरावर, ज्याला हल्ली ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात ते कसे करावे आणि त्यात पायांचे व श्वासाचे काय होते, हे मला कळले तेवढे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

रत्नदुर्ग आपण सर्वांनी पाहिला आहे, निदान पाहुण्यांना दाखवायला नेला आहे. घोड्याच्या नालेसारखा आकार, लांबी सुमारे १३०० मीटर, रुंदी सुमारे १००० मीटर, तिन्ही बाजूंना समुद्र. १६७० साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. धावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र एकच गोष्ट महत्त्वाची. हा एक डोंगर नव्हे, दोन आहेत. दक्षिणेकडे १८६७ सालचे दीपगृह, उत्तरेकडे भगवतीचा बालेकिल्ला आणि मधल्या सखल भागात वस्ती. म्हणजे फेरा पुरा करायचा तर दोनदा चढावे लागते आणि दोनदा उतरावे लागते. मैदानावर चारशे मीटरचे कितीही फेरे मारा, हा अनुभव येत नाही.

पहिल्या दिवशी मी मैदानावरच्याच वेगाने चढू लागले. दुसऱ्या वळणावर तोंडाला कोरड पडली, तिसऱ्यावर मी दगडावर बसले. मैदानात वेग सारखा ठेवायचा असतो, चढावर श्रम सारखे ठेवायचे असतात. ते सारखे आहेत की नाहीत हे कळायला घड्याळ नको. शेजारच्या मैत्रिणीशी एक पुरते वाक्य बोलता आले तर ठीक, शब्द तुटू लागले तर पावले आखूड करावीत आणि तरीही श्वास पुरत नसेल तर सरळ चालावे. चालण्यात कमीपणा मुळीच नाही. फार तीव्र चढावर धावण्यापेक्षा भरभर चालण्यातच शक्ती कमी खर्च होते. मोठमोठ्या डोंगरी शर्यतींतले नामांकित धावपटूही असे चढ चालूनच चढतात. हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी इतके दिवस लाजत चालले नसते.

पण खरी परीक्षा उताराची. चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणजे ब्रेकसारखे काम करतात. या ताणाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच फेऱ्याच्या दिवशी काही वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कॉलेजचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चांगली गोष्ट अशी की एकदा ही सवय झाली की पुढच्या खेपेस दुखणे बरेच कमी होते. मात्र पहिल्याच दिवशी दोन्ही उतार सुसाट उतरू नयेत.

मी तेच केले. गेल्या डिसेंबरात दीपगृहाकडून खाली येताना माझा घोटा मुरगळला आणि महिनाभर मला नीट चालता येईना. त्या वेळची भरती हुकली. घरात कोणी ओरडले नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. आई मात्र तुरटी-हळदीचा लेप लावता लावता म्हणाली, “तू उतारावर भिऊन मागं रेलतेस. डोक्यावर पाटी असती तर कळलं असतं. मागं रेललं की पाटी पडते.” माझी आई मासे विकते. ओली पाटी डोक्यावर घेऊन या गावातल्या घाट्या ती वीस वर्षे चढते-उतरते आहे.

पाय बरा झाल्यावर मी तिच्या मागून चालून पाहिले. तिचे पाऊल लहान पडते, गुडघा कधीच ताठ होत नाही, नजर पायाशी नसते तर चार-पाच हात पुढे असते. पाऊल शरीराच्या पुढे जाऊन पडत नाही, बरोबर खाली पडते. मागे रेलल्यावर टाच पुढे रुततो, धक्का सरळ गुडघ्याला बसतो आणि पाय घसरतो, हे मी नंतर एका पुस्तकात वाचले. त्या पुस्तकातली चित्रे पाहून आईला हसू आले.

आता जमिनीविषयी. आपला सडा जांभ्याचा. सुका जांभा खरबरीत असतो, पाय छान धरतो. पण त्याला भोके व खळगे फार, आणि पावसाळ्यानंतर त्यांवर गवत उभे राहते. खळगा दिसत नाही, तेथेच घोटे मुरगळतात. पावसात तर जांभ्यावर शेवाळ धरते. जून ते सप्टेंबर या वाटेला जाऊच नये, मग बूट कितीही महाग असोत. तसेच कड्याच्या टोकाशी जाऊ नये. आपल्या किनाऱ्यावर वर जांभ्याचा कठीण थर व त्याखाली मऊ मातीचा थर असतो. खालून लाटा व पावसाचे पाणी मऊ भाग पोखरतात आणि वरचा दगड पुढे अधांतरी राहतो. आपल्याला तो भक्कम वाटतो. छायाचित्रे काढायला टोकावर उभ्या राहणाऱ्या मित्रांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

वाऱ्याचीही गंमत आहे. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दिवस चढला की खारा वारा उलट येतो. फेरा गोल असल्याने एका बाजूला जो वारा पाठीवर असतो तोच दुसऱ्या बाजूला छातीवर येतो. मला वाटे, हिशेब फिटला. तो फिटत नाही. समोरचा वारा जेवढे घेतो तेवढे पाठीवरचा परत देत नाही. म्हणून जिकडे वारा समोरून येणार ती बाजू आधी, ताज्या दमात उरकावी.

काही जण विचारतात, या फेऱ्यांनी ८०० मीटरची वेळ सुधारली का? खरे सांगायचे तर फारशी नाही. दम वाढला, पण वेगासाठी मैदानावरच जावे लागते आणि आठवड्यातले तीन दिवस मी तेथे जाते. मग डोंगर कशाला, हा थोरल्या भावाचा प्रश्न. त्याला पटेल असे उत्तर मजजवळ नाही. बालेकिल्ल्याखालच्या वळणावर एकदम दोन्हीकडे पाणी दिसते, तेव्हा मी किती सेकंदांत आले हे मोजत नसते, एवढे मात्र मला ठाऊक आहे. हे घरी बोलता येत नाही, म्हणून येथे लिहिले.

वाटेवरचे लोक पहिल्या महिन्यात टक लावून बघत, आता “आज उशीर झाला गो?” असे विचारतात. तरीही मुलींनी एकटीने जाऊ नये, आणि मुलांनीही. पाय मुरगळला तर खांदा द्यायला कोणीतरी हवे.

दसऱ्यानंतर गवत सुकू लागते. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघी किल्ल्याच्या पायथ्याशी असू. पाण्याची बाटली व जुने, पण तळ न झिजलेले बूट आणावेत. पहिला चढ आम्ही चालतच चढतो.