हाताशी आधार : तळाचं रबर

बॅटरीच्या खुर्चीबद्दल या आठवड्यात लिहीन म्हणालो होतो. ते पुढे ढकलतो आहे. कारण ‘घरात दुसरी काठी हवीच’ हा मागचा भाग वाचून बदलापूरच्या कात्रपमधून एका आजोबांचा फोन आला. दुसरी काठी त्यांच्याकडे होती, चांगली ॲल्युमिनियमची, कपाटामागे उभी. फक्त तळाचं रबर फाटलेलं. “दुकानदार म्हणतो, अंकल, रबर अलग से नहीं आता, नयी ले लो. एवढ्याशा रबरासाठी अख्खी काठी घ्यायची का हो?”

मुळीच नाही. आणि हा विषय माझ्या इतका जिव्हाळ्याचा आहे की आजचा सगळा भाग त्या रबरालाच.

साधन बिघडलं म्हटलं की आपल्याला वाटतं, नळी मोडली किंवा चाक निखळलं. तसं क्वचित होतं. नळी वर्षानुवर्षं टिकते. झिजतं ते रबर, अडकतं ते उंचीचं बटण, सैल होतो तो स्क्रू. हे सगळं हळूहळू होतं, त्यामुळे रोज हातात असूनही लक्षात येत नाही. घरात चार माणसं असतील तर कुणीतरी “अहो, काठी घसरतेय तुमची” असं म्हणतं. मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात आणि आपण दुसऱ्या मजल्यावर एकटे, तर हे म्हणणारं कुणी नसतं. ते काम आपणच अंगावर घ्यायला हवं.

काठी उलटी करा. नव्या रबराच्या तळाला गोल कडी असतात, एकात एक. ओल्या फरशीवर पकड धरतात ती हीच. कडी पुसून तळ गुळगुळीत झाला की रबर गेलं, मग ते बाहेरून कितीही धडधाकट दिसो. आता कडेने बघा. एकाच बाजूला जास्त झिजलं असेल तर काठी तिरकी टेकली जाते आहे, बहुधा उंची चुकली आहे. चपला घालून, हात सैल सोडून सरळ उभं राहिलं की मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. मग नखाने दाबून बघा. रबर जुनं झालं की कडक होतं, न वापरताही. कपाटामागे उभ्या असलेल्या काठीचं रबर म्हणूनच आधी तपासायचं.

चांगल्या रबराच्या आत, तळाशी, एक लोखंडी चकती बसवलेली असते. नळीची धार रबर कापत खाली उतरू नये म्हणून. स्वस्तातल्या रबरात ती नसते. मग एक दिवस नळी रबर फोडून बाहेर येते आणि धातू थेट लादीला लागतो. व्हिट्रिफाइड टाइलवर उघडा धातू म्हणजे पडण्याचं आमंत्रणच.

आता उल्हासनगरकरांशी दोन शब्द. ‘मेड इन यूएसए’चा विनोद जुना झाला, पण तुमच्या गावात कुठल्याही वस्तूला पर्याय मिळतो हे खरं. फर्निचर बाजार हाकेच्या अंतरावर. त्यामुळे काठीचं रबर मिळालं नाही की खुर्चीच्या पायाला लावायचा प्लास्टिकचा बूट आणून ठोकतात. मापात अगदी चपखल बसतो आणि तिथेच फसगत होते. खुर्चीचा बूट कडक असतो, कारण खुर्ची सरकावी आणि लादीवर ओरखडा उठू नये, हे त्याचं काम. खुर्ची सरळ उभी राहते, काठी मात्र प्रत्येक पावलाला तिरकी टेकते आणि तिथे सरकणं अजिबात नको असतं. हा जुगाड करू नका. पिशवी किंवा फडकं गुंडाळणं तर त्याहून वाईट.

रबर सुटं मिळतं. औषधाच्या दुकानात नाही, सर्जिकलच्या दुकानात, तेही माप सांगितलं तर. माप म्हणजे नळीची बाहेरची जाडी. फूटपट्टीने ती नीट मोजता येत नाही, म्हणून नळीभोवती एक दोरा गुंडाळा आणि दोरा मोजा. 60 मिलिमीटरच्या आसपास भरला तर रबर 19 चं, 69 भरला तर 22 चं, 78-79 भरला तर 25 चं. हा आकडा काठीच्या मुठीखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा. बसवताना आतून पाण्याचा हात फिरवा, तेल कधीच नको. वॉकरचं एक रबर गेलं तरी चारही बदला, नाहीतर पाय लहानमोठे होऊन वॉकर डुगडुगतो.

सरकारी योजनांबद्दल बरेच जण विचारतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात आणि वर्षभराची दुरुस्ती मोफत असते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 पूर्ण झालेल्या, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच 3,000 रुपये खात्यात मिळतात. दोन्ही योजना चांगल्याच. पण शिबिरात काठी मिळते, फोटो निघतो आणि दुसरं रबर कुणी देत नाही. अंबरनाथ-बदलापुरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी एवढं एक काम उचलावं : 19, 22 आणि 25 ची पाच-पाच रबरं संघाच्या कपाटात. वर्गणीतून सहज होईल.

घरी मात्र गॅसच्या दुसऱ्या सिलिंडरचाच नियम. पहिलं रबर बदललं त्या दिवशी पुढचं आणून ठेवायचं. आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तपासायचंच. जिन्यातलं पाणी, स्टेशनच्या पुलावरचा चिखल, यांच्यापुढे गुळगुळीत रबर टिकत नाही. वाटेत रबर फाटलंच, तर तशाच काठीवर घर गाठू नका. जवळच्या दुकानाच्या पायरीवर बसा, रिक्षा करा. दुसरी काठी पलंगाशी ठेवा, माळ्यावर नको. काठीविना माळ्यावर चढणार कोण?

चाकाच्या खुर्चीवाल्यांनी रुसू नये. हवेच्या टायरची खुर्ची असेल तर एवढंच आजच बघा : तिचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी झाली की ब्रेक लावलेला दिसतो, पण धरत नाही आणि नेमकं पलंगावर सरकताना खुर्ची मागे जाते. हवा भरायचा पंप घरात हवा आणि ट्यूबचं माप माहीत असलेला सायकलवाला ओळखीचा हवा.

बॅटरीची खुर्ची पुढच्या आठवड्यात, आता नक्की. तोवर एक करा. स्वतःची काठी तर उलटी करून बघाच, पण तुमच्या मजल्यावर कुणी एकटे आजी-आजोबा असतील तर त्यांचीही बघा. त्यांना वाकून ते दिसत नाही, तुम्हाला दिसेल.