अरबिका आणि रोबस्टा : दाण्याची पारख

प्रवराकाठच्या बेलापुरासारख्या उसाच्या मुलखात कॉफीचे झाड दृष्टीस पडणे दुर्लभ. महाराष्ट्रात त्याकरिता मेळघाटातील चिखलदऱ्यापर्यंत जावे लागते. तथापि भाजलेले दाणे तळहातावर घेऊन निरखले असता, जो लांबट, ज्याच्या सपाट पोटावरील चीर किंचित नागमोडी, तो अरबिका, आणि जो वाटोळा, ज्याची चीर सरळ, तो रोबस्टा, हे तत्काळ उमगते. अरबिका बहुधा 1000 मीटरांहून उंच, शीतल उतारांवर पिकतो. सुगंध आणि सौम्य आम्लता हे त्याचे खरे वैभव. रोबस्टा उष्मा व रोगराई सोसतो, कडवट लागतो, आणि त्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट असते. बाजारात निराळ्या दराने विकली जाणारी वाटाण्याएवढी ‘पीबेरी’ हा मात्र स्वतंत्र वाण नव्हे. फळात दोनांऐवजी एकच दाणा भरला, म्हणजे तो असा गोल होतो.